तार तापवली की नरमच पडते असं नाही

जळगावच्या सराफ बाजारात कुठल्याही कारागिराला विचारा, तार ओढता ओढता ताठ झाली की काय करता, तर तो सांगेल की तिला ताव द्यायचा, लालसर होईपर्यंत तापवायची, मग ती नरम पडते आणि परत पट्टीच्या भोकातून ओढता येते. हे पिढ्यानपिढ्यांचं ज्ञान आहे आणि शंभर टक्के बरोबर आहे. सोन्यातले अणू ओळीने लागलेले असतात, तार ओढताना त्या ओळी जागोजागी मोडतात, एकमेकींत अडकतात, म्हणून तार कडक होते. उष्णता मिळाली की अणूंना हलायला वाव मिळतो, ओळी परत नीट लागतात. झालं काम.

पण एक तार अशी आहे की तिला अणूंच्या ओळीच नाहीत, वरून काचेचं अंगडं आहे, जाडी केसाहून कमी आहे, आणि तिला ताव दिला तर काय होईल याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. एका जातीची तार तापवली की चुंबकाच्या बाबतीत थोडी नरम होते, दुसऱ्या जातीची त्याच भट्टीत, तेवढ्याच तापमानाला चक्क कडक होते, आणि तापवताना पहिल्या जातीच्या तारेला नुसतं एक तोळा वजन टांगलं तर सगळं गणित परत बदलतं. ओळखीतल्या एका सराफ काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "काय सांगतो भो, तापवल्यावर तार कडक कशी होईन?" म्हटलं काका, हाताला नाही, चुंबकाला कडक, म्हणजे तिची चुंबकाची दिशा उलटवायला आधी लागत होता त्याच्या कितीतरी पट जोर लागतो. त्यांनी तरी मान हलवली नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांची शंका रास्त आहे, म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितोय.

आधी या तारा काय आहेत ते बघू. अमॉर्फस मेटल मायक्रोवायर म्हणतात त्यांना. अमॉर्फस म्हणजे अणूंची ठराविक रचना नसलेला धातू. धातू वितळलेला असतो तेव्हा त्याचे अणू कसेही पसरलेले असतात, हळू थंड केला तर ते ओळीत लागतात, पण इतका झटकन थंड केला की ओळीत लागायला वेळच मिळाला नाही, तर तो गोंधळ तसाच गोठतो. झटकन म्हणजे सेकंदाला दहा लाख अंशांच्या आसपासचा वेग. १९६० साली अमेरिकेत कॅलटेकमध्ये पोल डुवेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनं आणि सिलिकॉनच्या मिश्रणावर हे पहिल्यांदा करून दाखवलं. हो, सोन्यावरच! चुंबकाच्या कामाचे लोखंड आणि कोबाल्टचे मिश्रधातू नंतर आले, त्यात बोरॉन आणि सिलिकॉन मुद्दाम घालतात कारण त्यांच्यामुळे अणूंना ओळीत लागणं अवघड जातं.

तार बनवायची पद्धत मला फार आवडते. काचेच्या नळीत, पायरेक्ससारखी काच, मिश्रधातूचे काही ग्रॅम ठेवायचे आणि नळीचं टोक हाय फ्रिक्वेन्सीच्या कॉइलमध्ये धरायचं, धातू वितळतो, त्याच्या उष्णतेने काच मऊ होते, मग त्या मऊ काचेचा तंतू ओढून फिरत्या रिळावर गुंडाळत जायचं. काचेची बारीक केसनळी तयार होत जाते आणि तिच्यात वितळलेला धातू आपोआप भरत जातो, खाली पाण्याची धार असते तिथे तो क्षणात गोठतो. टेलर नावाच्या माणसाने १९२४ मध्ये या पद्धतीचं मूळ काम प्रसिद्ध केलं, पुढे सोव्हिएत युनियनमध्ये उलितोव्स्कीने तिला रूप दिलं, म्हणून टेलर-उलितोव्स्की पद्धत. धातूचा गाभा समजा १५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि काचेसकट सगळी तार २५ मायक्रॉन, तर एक किलोमीटर तारेत धातू भरतो जेमतेम दीड ग्रॅम. जळगाव ते भुसावळ साधारण पंचवीस किलोमीटर धरलं तर एवढ्या लांबीच्या तारेला धातू लागेल साडेतीन तोळे.

आता मूळ मुद्दा. साध्या लोखंडात अणू ओळीत असल्यामुळे चुंबकत्वाला काही दिशा सोप्या असतात आणि काही अवघड. आपल्याकडे केळीच्या बागेत कसं असतं, सरीच्या बाजूने चाललं की सरळ चालत जाता येतं आणि आडवं जायचं म्हटलं की प्रत्येक ठिकाणी अडतं, तसं. अमॉर्फस धातूत सऱ्याच नाहीत. मग कुठलीच दिशा सोपी नाही आणि कुठलीच अवघड नाही, म्हणून चुंबकत्व जिकडे वळवाल तिकडे वळेल असं वाटतं. तसं झालं असतं तर विषय इथेच संपला असता. पण रचनेने मोकळी सोडलेली जागा दुसरं कोणीतरी घेतं, ते म्हणजे ताण.

या तारेत ताण ठासून भरलेला असतो. गोठताना आधी बाहेरचा थर घट्ट होतो आणि आतला नंतर आक्रसायला बघतो, त्यामुळे आतला भाग ताणलेला राहतो, हे एक. दुसरं म्हणजे काच आणि धातू थंड होताना सारखे आक्रसत नाहीत, पायरेक्स प्रत्येक अंशाला दहा लाखात तीनेक भाग आक्रसते, धातू दहा-बारा भाग, म्हणजे धातूला जेवढं लहान व्हायचंय तेवढं काच होऊ देत नाही आणि तो बिचारा लांबीच्या दिशेने कायमचा ओढलेला राहतो. हा ताण शेकडो मेगापास्कलचा (शंभर मेगापास्कल म्हणजे चौरस सेंटीमीटरला एक टन), कधी हजाराच्या घरातला. काच धातूच्या मानाने जितकी जाड तितका ताण जास्त, म्हणजे नुसती काचेची जाडी बदलूनही तारेचं चुंबकीय वागणं बदलता येतं.

ताणाचा आणि चुंबकाचा संबंध जोडणारी गोष्ट म्हणजे मॅग्नेटोस्ट्रिक्शन. चुंबकत्व आलं की धातूची लांबी किंचित बदलते, ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो तो बराचसा याच्यामुळेच. लोखंड जास्त असलेल्या अमॉर्फस मिश्रधातूची एक मीटर पट्टी चुंबकित झाली की ३० ते ४० मायक्रॉन लांब होते, याला पॉझिटिव्ह म्हणायचं. कोबाल्ट भरपूर आणि लोखंड अगदी थोडं असं नेमकं प्रमाण घेतलं तर हा बदल जवळजवळ शून्यावर येतो, एका मीटरला मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढा, आणि तोही उलट म्हणजे आक्रसण्याच्या बाजूने. हे उलटं चिन्ह लक्षात ठेवा, पुढे सगळी गंमत त्याच्यावरच आहे. नियम साधा आहे: पॉझिटिव्ह धातू ताणला तर चुंबकत्व ताणाच्या दिशेला बसतं, निगेटिव्ह धातू ताणला तर ताणाला काटकोनात.

म्हणून लोखंडाच्या तारेत चुंबकत्व तारेच्या लांबीच्या दिशेने पसरतं, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. तिला दोनच अवस्था माहीत, या बाजूला किंवा त्या बाजूला, मधलं काही नाही. उलट दिशेचं चुंबकीय क्षेत्र हळूहळू वाढवत नेलं तर ती ढिम्म राहते आणि एका ठराविक आकड्याला एका फटक्यात उलटते, टोकाशी एक सीमा सुटते आणि ती तारेतून सेकंदाला किलोमीटरहून जास्त वेगाने धावते. कोबाल्टच्या तारेत तसं नाही, तिथे बाहेरच्या थरात चुंबकत्व तारेभोवती गोल फिरलेलं असतं, बांगडीसारखं गोल, आणि लांबीच्या दिशेने क्षेत्र लावलं की ते हळूहळू, सहज, कसलाही झटका न देता कलतं.

हा फरक डोळ्यांनी बघता येतो. दहा सेंटीमीटरचा तुकडा घ्यायचा, लांब कॉइलमध्ये ठेवायचा, कॉइलमधून खाली-वर जाणारा करंट सोडायचा आणि छोट्या दुसऱ्या कॉइलने तारेचं उत्तर स्क्रीनवर आणायचं. ताज्या कोबाल्टच्या तारेची आकृती म्हणजे एक तिरकी रेघ, जाताना आणि येताना जवळपास एकाच वाटेने, मध्ये फट (ही फट म्हणजेच चुंबकाची दिशा उलटवायला लागणारा जोर) इतकी बारीक की नीट बघावी लागते. आता तोच तुकडा ३०० अंशाच्या भट्टीत तासभर ठेवून परत आणा. रेघ गायब, तिच्या जागी चौकोन! सरळ उभ्या भिंतींचा, लोखंडाच्या तारेसारखा, आणि फट कित्येक पटींनी रुंद. हीच ती "तापवल्यावर कडक" झालेली तार.

असं का होतं? तापवल्याने ताण कमी होतो, इथपर्यंत सराफ काकांचं म्हणणं बरोबरच आहे. ३०० अंशाला काच मऊ पडत नाही, धातूचे स्फटिकही बनत नाहीत कारण त्याला साधारण ५०० च्या पुढे जावं लागतं, पण गोंधळात गोठलेले अणू जागच्या जागी थोडे सरकतात आणि अडकलेला ताण सैल होतो. (जळगावच्या मे महिन्यातल्या ४५ अंशाने तारेत कायमचा बदल होत नाही, खरी हालचाल २०० च्या आसपास सुरू होते.) पण इथे एक मेख आहे. मॅग्नेटोस्ट्रिक्शन हा आकडा स्वतःच ताणावर थोडा अवलंबून असतो, ताण जास्त तर तो निगेटिव्हकडे ढकलला जातो, ताण उतरला तर पॉझिटिव्हकडे सरकतो. हा सरकण्याचा हिशोब फार बारीक आहे, हजार मेगापास्कलला एका मीटरमागे मायक्रॉनचा दहावा भाग, एवढाच. लोखंडाच्या ३५ मायक्रॉनपुढे तो काहीच नाही. पण कोबाल्टच्या तारेचा मुळात सगळा आकडाच तेवढा आहे ना! त्यामुळे ताण उतरला की निगेटिव्हचं पॉझिटिव्ह होतं, उरलेला ताण आता चुंबकत्वाला काटकोनात न ढकलता लांबीच्या दिशेला बसवतो, गोल फिरलेला थर पातळ होत जातो, लांबीचा गाभा जाड होतो आणि तार दोन अवस्थांची होऊन बसते. अणूंची आपापसातली जवळची मांडणी बदलते त्याचाही यात वाटा आहे, पण चिन्ह पलटणं हा मला सगळ्यात पटणारा भाग वाटतो.

लोखंडाची तार मात्र त्याच भट्टीतून जवळपास तशीच बाहेर येते, चौकोनाचा चौकोन. फट थोडी अरुंद होते आणि ती धावणारी सीमा आणखी जोरात धावते, कारण तिला अडवणारा ताण कमी झालेला असतो. आकृती बदलत नाही कारण मॅग्नेटोस्ट्रिक्शन इतकं मोठं आहे की थोडाफार उरलेला ताणही पुरतो, आणि भट्टीतून बाहेर काढली की काच परत तिला नीट आक्रसू देत नाही.

मग आता वजन टांगायचं. तारेच्या टोकाला एक तोळा, म्हणजे आजच्या व्यवहारातले दहा ग्रॅम, लावले आणि तशीच उभी भट्टीत तापवली तर २५ मायक्रॉनच्या तारेवर ताण येतो साधारण २०० मेगापास्कल, म्हणजे चौरस सेंटीमीटरला दोन टन. ऐकायला विचित्र वाटतं पण तारेची जाडीच एवढीशी आहे. तापलेली असताना धातू या ओढीखाली किंचित वाहतो, थंड झाल्यावर वजन काढलं की ताणलेली काच त्याला आत दाबते, शिवाय अणूंच्या जोड्या ओढीच्या हिशोबाने लागलेल्या असतात. आणि जी लोखंडाची तार नुसत्या तापवण्याने अजिबात बधली नव्हती तिचा चौकोन आता आडवा पडायला लागतो, पुरेसा ताण आणि पुरेसं तापमान दिलं तर कोबाल्टच्या ताज्या तारेसारखी तिरकी रेघ होते. म्हणजे भट्टीने दोघींना एकमेकींच्या जागी नेऊन बसवलं! कोबाल्ट लोखंडासारखं वागतंय आणि लोखंड कोबाल्टसारखं. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी बराच वेळ त्या आलेखांकडे बघत बसलो होतो.

ही नुसती हौस नाही बरं का. कोबाल्ट महाग आहे आणि जगातलं बहुतांश कोबाल्ट एकट्या काँगोमधून येतं, तर लोखंडाच्या तारेला थोड्या उष्णतेने आणि एका वजनाने त्याच्या जवळपास नेता आलं तर फायदा कोणाचा आहे हे सांगायला नको.

आता कोबाल्टच्या तारेचं नेमकं काय काम असतं ते सांगतो, म्हणजे तिची तिरकी रेघ का जपायची ते कळेल. १९९४ मध्ये जपानमधल्या पनिना आणि मोहरी यांनी अशा तारांमधला एक परिणाम मांडला ज्याला जायंट मॅग्नेटो-इम्पिडन्स म्हणतात. वेगाने उलटसुलट होणारा करंट तारेच्या फक्त सालीतून वाहतो, आणि साल किती जाड हे धातू गोल दिशेने किती सहज चुंबकित होतो (याला पारगम्यता म्हणतात) यावर ठरतं. अमॉर्फस धातूचा विद्युत रोध तांब्याच्या सत्तर-ऐंशी पट. सेकंदाला एक कोटी वेळा उलटणारा करंट आणि हजाराची पारगम्यता घेतली तर साल येते सहा मायक्रॉनची, आणि बाहेरून छोटंसं चुंबक जवळ आणल्याने ती पारगम्यता शंभरावर आली तर साल होते अठरा मायक्रॉन. तारेची त्रिज्या समजा दहा मायक्रॉन, म्हणजे आधी करंट काठाकाठाने जात होता तो आता पूर्ण तारेतून जायला लागला आणि अडथळा एकदम उतरला. चांगल्या तारेत हा बदल काहीशे टक्क्यांचा असतो. आपल्याकडे खान्देशात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ०.४४ गॉस आहे, तेवढ्याशाने हे घडतं, त्याच्या कितीतरी लहान भागानेही घडतं. जपानच्या आयची स्टील कंपनीने याच तारेवर बेतलेले सेन्सर मोबाइलमधल्या होकायंत्रासाठी बाजारात आणले. आपल्या देशातही जमशेदपूरच्या राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळेत या तारांवर आणि त्यांच्या सेन्सरवर काम झालंय.

म्हणून कोबाल्टच्या तारेला नुसतं भट्टीत टाकलं तर घोटाळा, ताण तर उतरला पण मऊपणाही गेला. त्यावर एक सुरेख उपाय आहे, भट्टी सोडून द्यायची आणि तारेतूनच करंट सोडून तिला तापवायचं. करंट वाहतो तेव्हा तारेभोवती गोल चुंबकीय क्षेत्र तयार होतं हे आपण नववी-दहावीत शिकलोय. १५ मायक्रॉनच्या गाभ्यातून ३० मिलीअँपिअर सोडले तर पृष्ठभागावर येतं आठ गॉस, म्हणजे पृथ्वीच्या अठरा-एक पट, आणि तेही अगदी हवं तसं गोल. अणू सैल असताना त्यांना हे गोल क्षेत्र मिळतं, ते त्याच्या कलाने लागतात आणि थंड झाल्यावर तो कल तसाच राहतो. उष्णताही त्याच करंटची आणि दिशाही त्याचीच. मला विचाराल तर सगळ्या पद्धतींत ही सगळ्यात हुशार आहे. एक बॅटरी, एक रेझिस्टर आणि घड्याळ, भट्टीसुद्धा लागत नाही.

तापमान चढवत गेलं तर? ५०० च्या पुढे साध्या लोखंड-सिलिकॉन-बोरॉनच्या तारेत स्फटिक उगवायला लागतात, मोठे होतात आणि तार चुंबकाला कडक, हाताला ठिसूळ होऊन जाते. पण मिश्रणात थोडं तांबं आणि नायोबियम असेल तर गोष्ट पलटते. तांब्याचे बारीक पुंजके जागोजागी स्फटिकांना सुरुवात करून देतात आणि नायोबियम त्यांना वाढू देत नाही, त्यामुळे दहा-पंधरा नॅनोमीटरचे असंख्य कण होतात, इतके लहान की प्रत्येकाची सोपी दिशा वेगळी असली तरी शेजाऱ्यांच्या सरासरीत पुसली जाते. १९८८ मध्ये हिताची मेटल्सच्या योशिझावा आणि सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केलं, फाइनमेट म्हणून तो मिश्रधातू ओळखला जातो, ५५० अंशाच्या आसपास तासभर दिला की आधीपेक्षाही मऊ. काचेतल्या तारांवरही हे करतात.

याच घरातली पट्टी आपल्या शेताच्या बाजूला उभी असेल कदाचित. अमॉर्फस कोअरच्या डीपीमध्ये, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये, पंचवीसेक मायक्रॉन जाडीची लोखंड-सिलिकॉन-बोरॉनची पट्टी गुंडाळलेली असते, ती पण कारखान्यात साडेतीनशे अंशाच्या आसपास चुंबकीय क्षेत्र लावून तापवलेली असते, आणि मोटार चालू असो नसो लाइन असेपर्यंत कोअरमध्ये जी वीज वाया जाते ती नेहमीच्या सिलिकॉन स्टीलच्या मानाने ७० टक्क्यांपर्यंत कमी होते. तापवल्यावर ही पट्टी ठिसूळ होते म्हणून आधी कोअरचा आकार द्यायचा आणि मग तापवायची, उलटं केलं तर वाकवतानाच तुकडे पडतील.

सध्या जे चाललंय त्यातलं मला सगळ्यात भारी वाटतं ते म्हणजे एकच तार लांबीभर वेगवेगळी तापवणं. भट्टीचा मधला भाग गरम असतो आणि तोंडाकडे तापमान उतरत जातं, एरवी लोक त्याला भट्टीचा दोष समजून तुकडा मधोमध ठेवतात. पण वजन टांगून लोखंडाची तार मुद्दाम या उतारावर ठेवली तर एका टोकाला चौकोन राहतो, दुसऱ्या टोकाकडे जाता जाता तो आडवा पडत जातो, आणि आतून धावणारी सीमा कुठे जोरात जाईल आणि कुठे रेंगाळेल हे तुकडा भट्टीत किती आत सरकवला त्यावर ठरवता येतं.